ॲथलेटिक ट्रेनिंग रूममधली माझी वर्क-स्टडी

कॉलेजचं पहिलं बिल आलं तेव्हा पप्पा किचनमधल्या टेबलाशी बसून दोनदा बेरीज करत होते आणि दोन्ही वेळा एक हजार डॉलर जास्तच येत होते. ॲवॉर्ड लेटरमध्ये, म्हणजे किती आर्थिक मदत मिळणार ते सांगणाऱ्या कॉलेजच्या पत्रात, तर स्पष्ट लिहिलं होतं, फेडरल वर्क-स्टडी २,००० डॉलर, सेमिस्टरला हजार-हजार, पेल ग्रँट आणि न्यू जर्सीच्या टॅग ग्रँट या परत न करायच्या सरकारी मदतीच्या अगदी खालच्याच ओळीत, मग बिलातून ते वजा का झाले नाहीत? मी फायनान्शियल एड ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या की ते पैसे तुला मिळालेले नाहीयेत, तेवढे कमवायची तुला मुभा मिळालीय. नोकरी तू शोधायची, तास भरायचे, पगार तुझ्या बँकेत जमा होणार, त्यातून बिल भर नाहीतर पुस्तकं घे. पप्पांना हे मराठीत समजावताना माझा अर्धा तास गेला आणि तेव्हाच डोक्यात आलं होतं की आपल्या माणसांसाठी हे कुणीतरी नीट लिहायला पाहिजे, कारण इथं नवीन आलेल्या घरांत हाच घोळ होतो, मी तीन-चार ठिकाणी बघितलाय.

थोडं आमचं सांगते. आम्ही कोल्हापूरचे. आत्याने २००४ साली पप्पांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज भरला होता, माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, आणि नंबर लागला २०१९ ला. मी आठवी मराठी शाळेत करून थेट एडिसनच्या हायस्कूलात आले. पप्पा वेअरहाऊसमध्ये, आई ओक ट्री रोडवरच्या एका ग्रोसरी दुकानात. हायस्कूलात मी ट्रॅकवर धावायचे, अकरावीत घोटा मुरगळला तेव्हा शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरने, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्याने, सहा आठवडे रोज माझ्याकडून व्यायाम करून घेतले. डॉक्टरकडे जाऊन बिल आलं असतं ते वाचलं हा एक भाग, पण ते ज्या पद्धतीने पाय हातात घेऊन नुसतं दाबत दाबत विचारायचे, इथं? इथं? आणि इथं? ते बघून मला वाटलं की हे शिकायचं. म्हणून कॉलेजात मेजर घेतलं एक्सरसाइज सायन्स.

आईला मात्र बरेच दिवस वाटत होतं की मी जिम ट्रेनर होणार. हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही, अमेरिकन लोकही करतात, आणि ॲथलेटिक ट्रेनरना ते फार लागतं. त्यांना नुसतं ट्रेनर म्हटलेलं चालत नाही, ॲथलेटिक ट्रेनर किंवा थोडक्यात एटी म्हणायचं. हे वैद्यकीय काम आहे, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्येच तशी मान्यता दिलीय, बोर्डाची परीक्षा असते, राज्याचं लायसन्स असतं. आईला शेवटी कळलं ते जानेवारी २०२३ मध्ये. २ जानेवारीला सिनसिनाटीच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये बफेलो टीमचा खेळाडू डमार हॅमलिन टॅकलनंतर उठला आणि जागच्या जागी कोसळला, हृदय बंद पडलं होतं, आणि मैदानावर त्याची छाती दाबून सीपीआर दिला तो टीमचा असिस्टंट ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टनने. पुढचे दोन-तीन दिवस टीव्हीवर तेच चालू होतं. आईने मला विचारलं, तू म्हणतीस ते काम हेच का? म्हटलं हो, हेच.

तर नोकरी. आमचं कॉलेज सरकारी, मध्यम आकाराचं, खेळात डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप कुणालाच नाही, सगळे आवडीने खेळतात आणि बजेट कायम तंग. कॉलेजच्या जॉब पोर्टलवर वर्क-स्टडी असा फिल्टर लावला की यादी येते. लायब्ररीचा काउंटर, डायनिंग हॉल, जिमच्या दारात कार्ड स्वाइप करणं, आणि तळाशी एक होतं, ॲथलेटिक ट्रेनिंग स्टुडंट एड. लायब्ररीच्या कामात बसून अभ्यास होतो म्हणून ती कामं ऑगस्टमध्येच जातात. आमच्या कामाला संध्याकाळ आणि शनिवार लागतो, म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातही दोन जागा शिल्लक होत्या.

इंटरव्ह्यू दहा मिनिटांचा. हेड एटी म्हणजे पन्नाशीच्या एक बाई, सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मला ते महिनाभर जमेना, मी मॅमच म्हणायचे. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. शनिवारी सकाळी सातला येशील का, रक्त बघून काय होतं, आणि कुणी तुला मैत्रिणीसारखं विचारलं की अमक्याच्या गुडघ्याला काय झालंय तर काय सांगशील. तिसऱ्याला मी म्हटलं, मला माहीत नाही असं सांगेन. त्या म्हणाल्या, माहीत असलं तरी? म्हटलं, माहीत असलं तरी. झालं, घेतलं.

पण घेतलं म्हणजे लगेच काम सुरू असं नाही, इथं माझे बारा दिवस गेले आणि त्यात चूक माझीच. नोकरीला लागताना आय-नाइन नावाचा फॉर्म असतो, तुम्हाला या देशात काम करायची परवानगी आहे हे कागद दाखवून सिद्ध करायचं, आणि कागद ओरिजिनल लागतात. माझं ग्रीन कार्ड एडिसनला आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली पिशवीत. मी फोनमधला फोटो दाखवला, एचआरवाल्या मुलीने मान हलवली. मग वीकेंडला घरी जाऊन आणलं, सोमवारी लेबर डेची सुट्टी, मंगळवारी माझी लॅब, असं करत करत गुरुवार उजाडला. डब्लू-फोर हा टॅक्सचा फॉर्म, बँकेचं डायरेक्ट डिपॉझिट, ते ऑनलाइन झालं. नंतर गोपनीयतेचं ट्रेनिंग, मग रक्तातून पसरणाऱ्या आजारांचं ट्रेनिंग, हे दर वर्षी करावंच लागतं, हेपटायटिस बीची लस कॉलेजतर्फे फुकट देतात, नको असेल तर तसं लिहून द्यायचं. माझे डोस झालेले होते, त्याचा कागद मात्र आईने व्यवस्थित जपलेला. शेवटी रेड क्रॉसचा सीपीआर आणि एईडीचा, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनचा, कोर्स, शनिवारी चार तास, सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. त्या पुतळ्याच्या छातीवर मी पहिल्यांदा जोर दिला तेव्हा वाटलं आपण मोडतोय काहीतरी. शिकवणारा म्हणाला अजून, अजून खाली, दोन इंच.

आता पैशाचं, कारण खरा प्रश्न तिथं असतो. २०२३ ला न्यू जर्सीत किमान वेतन तासाला १४.१३ डॉलर होतं आणि आम्हाला तेच मिळायचं. सेमिस्टरचे १,००० डॉलर भागिले १४.१३ म्हणजे सत्तर तास आणि वर थोडं. ऐकायला बरं वाटतं, पण फुटबॉलचा सीझन असताना आठवड्याला बारा-तेरा तास सहज होतात, म्हणजे साडेपाच-सहा आठवड्यांत खेळ खलास. मी सप्टेंबरच्या मध्याला लागले, ऑक्टोबरच्या शेवटी पोर्टलवर लाल अक्षरात आलं की तुमच्या ॲवॉर्डमधले ५६ डॉलर उरलेत. चार तास! आणि सीझन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. मी घाबरून हेड एटींकडे गेले तर त्या शांत, त्यांना हे दर वर्षीचं. तेव्हा मला यामागचं गणित कळलं. वर्क-स्टडीच्या पगारातला मोठा वाटा, साधारण ७५ टक्क्यांपर्यंत, केंद्र सरकार देतं, बाकीचा कॉलेज. म्हणजे डिपार्टमेंटला वर्क-स्टडीवाली मुलं स्वस्त पडतात, म्हणूनच जाहिरातीत वर्क-स्टडीला प्राधान्य असं लिहितात. ॲवॉर्ड संपला की दोनच वाटा, एक म्हणजे फायनान्शियल एडला वाढवून मागायचं, कुणी आपला वाटा वापरला नसेल तर मिळतो, आणि दुसरी म्हणजे डिपार्टमेंटने स्वतःच्या विद्यार्थी-पगाराच्या बजेटमधून पूर्ण पैसे द्यायचे, ते थोडेच असतात. मी ईमेल केला, स्प्रिंगचे, म्हणजे जानेवारीनंतरच्या सेमिस्टरचे, ३०० डॉलर अलीकडे ओढून मिळाले, तेवढ्यावर सीझन निघाला. एक लक्षात ठेवा, १ जानेवारीला किमान वेतन वाढतं, २०२४ ला ते १५.१३ झालं, सगळे खूश, पण ॲवॉर्डची रक्कम तेवढीच राहते, म्हणजे पैसे तेच आणि तास कमी. माझे स्प्रिंगला ७०० उरले होते, त्यात सेहेचाळीस तास. बास्केटबॉल आणि रेसलिंग दोन्ही चालू असताना सेहेचाळीस तास म्हणजे काहीच नाही.

चांगल्या गोष्टीही आहेत, त्याही सांगते. ज्या कॉलेजात शिकता तिथंच काम केलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कापणी बहुतेक वेळा होत नाही, ते पावणेआठ टक्के जवळपास वाचतात. आणि वर्क-स्टडीची कमाई पुढच्या फॅफ्सात, म्हणजे मदतीसाठी दर वर्षी भरायच्या सरकारी फॉर्मात, तुमच्या उत्पन्नातून वजा होते, म्हणजे काम केलं म्हणून पुढच्या वर्षीची मदत कमी होत नाही. पप्पांना हीच भीती होती, पोरगी कमवायला लागली की ग्रँट बंद करतील. तसं नाहीये. टाइमशीट मात्र दर दोन आठवड्यांनी वेळेत भरायची, मी एकदा मिडटर्मच्या नादात विसरले तर पगार दोन आठवडे पुढे गेला आणि त्या महिन्यात घरून पैसे मागावे लागले. लेक्चरच्या वेळेत तास लावायचे नाहीत, लेक्चर रद्द झालं असेल तर तसा पुरावा लागतो.

पहिला पगार बावीस तासांचा, ३०० डॉलरच्या आसपास. त्यातले शंभर मी आईला पाठवले. तिने ते अजून वापरले नसावेत.

काम काय असतं? पाणी आणि बर्फ. खरंच, निम्मं काम हेच. दहा गॅलनचे केशरी कूलर असतात, एक भरला की ८३ पौंड नुसतं पाणी, सदतीस-अडतीस किलो, त्यामुळे एकटीने उचलायचा नाही, दोघांनी धरून गाडीवर चढवायचा. फुटबॉलच्या प्रॅक्टिसला असे सहा-सात. मग बर्फाच्या पिशव्या. प्रॅक्टिस संपायच्या आधी तीस-चाळीस तयार पाहिजेत कारण सगळे एकदम येतात. हे दिसतं सोपं, पण पिशवीत स्कूपने दीड-दोन मापं बर्फ घातला की ती टेबलावर सपाट दाबून आतली हवा सगळी काढावी लागते, मग तोंड पिळून पीळ देऊन गाठ. हवा राहिली तर पिशवी फुग्यासारखी होते आणि गुडघ्याच्या वाटीवर बसतच नाही, घसरते, आणि मुलगा वीस मिनिटं हाताने धरून बसतो. हवा काढलेली पिशवी कणकेच्या गोळ्यासारखी जिथं ठेवाल तिथला आकार घेते. मग प्लास्टिकचा रोल घेऊन गुंडाळायचं, घट्ट पण इतकं नाही की बोटं गार पडतील. माझ्या पहिल्या पन्नास तरी पिशव्या वाईट होत्या.

उरलेलं काम पुसणं. टेबलं, व्हर्लपूल, व्यायामाचे बँड, सगळं. जंतुनाशक मारलं आणि लगेच कोरडं पुसलं तर उपयोग नाही, बाटलीवर लिहिलेली असतात तेवढी मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा तरच जंतू मरतात. हे मला हेड एटींनी पहिल्याच दिवशी बाटली हातात देऊन वाचायला लावलं. मग कपाटं भरणं, दीड इंची पांढरी टेप, तिच्याखाली गुंडाळायची पातळ फोमची प्री-रॅप, टाचेखाली ठेवायच्या चकत्या, टॉवेल धुणं, गरम पॅक परत टाकीत सोडणं.

आणि काय करायचं नाही ती यादी मोठी होती. दुखापत तपासायची नाही. व्यायाम सांगायचा नाही. मशीन लावायची नाहीत. टेप लावायची नाही. खेळाडू परत खेळू शकतो का यावर एक शब्द बोलायचा नाही. कारण आम्ही ॲथलेटिक ट्रेनिंगचे विद्यार्थी नव्हतो, कॉलेजचे पगारी मदतनीस होतो. हा फरक बऱ्याच जणांना कळत नाही. पूर्वी बॅचलर डिग्री करून एटी होता यायचं आणि त्याच्याही आधी, २००४ पर्यंत, ट्रेनिंग रूममध्ये १,५०० तास भरून परीक्षेला बसायची एक वाट होती, म्हणजे तेव्हा आमच्यासारखी पाणी वाहणारी मुलं तास भरत भरतच एटी झाली. आमच्या हेड एटी त्याच वाटेने आलेल्या. आता मास्टर्स लागतं, बॅचलरच्या कोर्सला नवीन प्रवेश २०२२ नंतर बंद झाले. मास्टर्सची मुलं आमच्याकडे क्लिनिकलला येतात, त्यांना एटींच्या देखरेखीखाली तपासता येतं, टेप करता येते, पण त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. आम्हाला पैसे मिळतात पण हात लावता येत नाही. एकाच खोलीत, एकाच रंगाच्या शर्टमध्ये.

याच बाबतीत माझ्याकडून एकदा चूक झाली आणि ती मी लपवणार नाही. पहिल्याच वर्षी डिसेंबरात, बास्केटबॉलची प्रॅक्टिस, एटी दुसऱ्या कोपऱ्यात एकीच्या पायाशी बसलेल्या. एक खेळाडू धावत आली, बोट दुखतंय, शेजारच्या बोटाला बांधून दे, दोन सेकंदांचं काम आहे, कोच ओरडतोय. मी ते बांधताना शंभर वेळा बघितलेलं. टेप माझ्या हातातच होती. बांधून दिलं. छान बांधलं होतं, खरं सांगते, आणि मला त्याचा आनंदही झाला.

प्रॅक्टिसनंतर हेड एटींनी दार लोटून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तू ते बोट बघितलंस का? म्हटलं हो. म्हणाल्या, नाही, तू टेप बघितलीस. बोट सरळ होतं का, टोक वाकत होतं का, सांध्यावर सूज होती का हाडावर, हे मी बघायच्या आधी तू ते झाकलंस. आता ती अर्धा तास खेळून आलीय. आतला कंडरा तुटला असेल आणि दहा दिवसांनी कळलं तर तिचं बोट कायमचं तसंच राहील, आणि माझं लायसन्स आहे, तुझं नाही, म्हणून प्रश्न मला विचारतील, पण बोट तिचं जाईल. मला रडू आलं. त्यांनी टिश्यू दिला आणि म्हणाल्या उद्या ये, वेळेवर ये.

त्या बोटाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. विचारता येत नाही. ती मुलगी पुढच्या आठवड्यात खेळत होती एवढं दिसलं. पण त्यानंतर कुणीही दोन सेकंदांचं काम म्हणालं की मी हातातली टेप खाली ठेवते आणि एटींना हाक मारते, कोच कितीही ओरडू दे. पाणी आणि बर्फाबरोबर मला पगार त्याचाही मिळतो असं मी मानते.

दुसऱ्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, मला प्रीसीझनला बोलावलं. कॉलेज सुरू व्हायच्या आधीचे हे आठवडे, आमच्याकडे त्याचा पगार वर्क-स्टडीतून न देता डिपार्टमेंटच्या बजेटमधून देतात. न्यू जर्सीचा ऑगस्ट म्हणजे दमट, अंगाला चिकटणारा, आपल्या कोकणासारखा. या दिवसांत सगळ्यात मोठी भीती उष्माघाताची. २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सचा कोरी स्ट्रिंगर ट्रेनिंग कॅम्पमध्ये असाच गेला, १ ऑगस्टला, नंतर त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात संस्था झाली. आणि २०१८ ला मेरीलँडचा जॉर्डन मॅकनेअर, अवघा एकोणीस वर्षांचा. प्रीसीझनच्या पहिल्या सकाळी हेड एटी आम्हाला ही दोन नावं सांगतात आणि मग मैदानाच्या कडेला नेऊन टब दाखवतात. गुराढोरांना पाणी पाजायला असतं तसलं मोठं प्लास्टिकचं टाकं, शंभर गॅलनचं. रोज प्रॅक्टिसच्या आधी ते निम्म्यावर पाण्याने भरायचं, शेजारी बर्फाचे कूलर, टॉवेल, एक चादर, वर सावलीला छत. प्रॅक्टिस झाली की ओतून, घासून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी परत. सलग अठरा दिवस मी ते भरलं आणि ओतलं, कुणीही त्यात उतरलं नाही. दहाव्या दिवशी आमच्यातला एकजण म्हणाला की आज नको भरूया, ढग आहेत. भरलं.

कुठल्या दिवशी ते सांगत नाही, आणि खेळाडूबद्दलही काही सांगणार नाही. माझ्या बाजूचं तेवढं सांगते. एटींनी माझ्याकडे न बघता हात वर करून एकच शब्द उच्चारला, टब. आम्ही दोघांनी कूलर उपडे केले. चौघांनी त्याला आत उतरवला, काखेतून चादर घालून वर धरला की डोकं पाण्याच्या वर राहील. माझं काम पाणी ढवळत राहणं. हे मला आधी शिकवलेलं, पाणी स्थिर राहिलं तर अंगाभोवतीचं पाणी गरम होऊन बसतं, म्हणून हाताने सतत ढवळायचं. बर्फाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून मी ढवळत होते, बोटं आधी दुखली, मग बधिर झाली, मग माझी आहेत असंच वाटेना. कुणीतरी ९११ ला फोन केला होता, एक मुलगा गेटवर पळाला ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला. ॲम्ब्युलन्स आली तरी एटींनी लगेच सोडलं नाही. नियमच तो आहे, आधी थंड करायचं, मग हलवायचं, शरीराचं तापमान १०२ फॅरनहाइटपर्यंत उतरेस्तोवर टबमध्येच. त्या थर्मामीटरकडे बघत होत्या, आम्ही त्यांच्याकडे. मग त्यांनी मान हलवली.

तो ठीक आहे. एवढं सांगायला हरकत नाही.

घरी मी यातलं काहीच बोलले नाही. आईने फोनवर विचारलं आवाज असा का, म्हटलं झोप झाली नाही. आपल्या घरात जेवताना सगळं सांगायची सवय असते, दिवसभरात काय झालं, कोण काय म्हणालं, आणि ही एक गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे जड जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी टब भरायला मी सगळ्यांच्या आधी पोचले होते.

आता जे विद्यार्थी इकडे एफ-वन व्हिसावर आलेत त्यांच्यासाठी, कारण मला सगळ्यात जास्त विचारणा त्यांच्याकडून होते. फेडरल वर्क-स्टडी तुम्हाला मिळत नाही, ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या ठरावीक लोकांनाच. पण कॅम्पसवरची नोकरी तुम्हाला करता येते, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत, सुट्टीत त्याहून जास्त. आमच्याकडेच पुण्याहून फिजिओथेरपी करून मास्टर्सला आलेली एक ताई आहे, तिने जाहिरातीत वर्क-स्टडीला प्राधान्य वाचून अर्जच केला नव्हता. प्राधान्य म्हणजे फक्त तेच असं नव्हे. ती नोव्हेंबरात आली, डिपार्टमेंटच्या बजेटवर लागली, ऑफर लेटर घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज केला. तिला सगळ्यात अवघड काय गेलं माहितीये? पुण्यात तिने स्वतः पेशंट तपासलेत, इथं बर्फाची पिशवी करायची आणि गप्प राहायचं. पहिले दोन आठवडे ती खोलीवर जाऊन रडायची. पण तिची नजर तयार आहे. एकदा तिने एकाला लंगडताना लांबूनच बघितलं आणि एटींना हळूच सांगितलं की याचा घोटा नाही, कंबर बघा. त्या दिवसापासून एटी तिला प्रत्येक वेळी विचारतात, तुला काय दिसलं.

आणि रेसलिंग. हिवाळ्यात मला ते मिळालं आणि कोल्हापूरची पोरगी म्हणून मी ते मागूनच घेतलं. कान बघून मला पैलवान ओळखता येतो, आमच्या गल्लीत निम्म्या म्हाताऱ्यांचे कान तसेच होते. इथं कानात रक्त साचलं की डॉक्टर सुईने काढून दाबून बांधतात, चेंबवून तसाच ठेवत नाहीत. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकाची लघवी तपासतात, घनता १.०२० किंवा त्याच्या आत असली पाहिजे, म्हणजे अंगातलं पाणी घालवून वजन उतरवलेलं नाही हे कळतं, मगच कुठल्या वजनात खेळायचं ते ठरतं. १९९७ च्या शेवटी महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले, त्यानंतर हे आलं. आणि मॅट. मॅटवरून नायटा, गजकर्ण, आणखी वाईट त्वचेचे रोग पसरतात, म्हणून प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर आख्खी मॅट पुसायची. ते काम माझं.

२०२५ च्या जानेवारीत घरच्या मैदानावर लढत होती, पप्पांना शनिवारची सुट्टी मिळाली, ते आले. एरवी कॉलेजात यायला ते अवघडतात, कुणी इंग्लिशमध्ये काही विचारलं तर काय, म्हणून. त्या दिवशी मी मॅट पुसत होते आणि ते दाराशी उभे राहून बघत होते. रुंद मॉप, एका रेषेत मागे मागे यायचं, पुसलेल्यावर पाय द्यायचा नाही. काम होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्या तालमीत नवीन पोराला पहिलं वर्षभर मातीच उकरायला लावायचे वस्ताद, पहाटे, बाकीचे यायच्या आधी. हळद, ताक, तेल घालून माती मळायची. मी विचारलं, तुम्ही किती वर्षं केलं? म्हणाले, मी तेवढंच केलं, नंतर आबांचं दुकान बघायला लागलो.

मग लढती सुरू झाल्या आणि ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. १५७ पौंडाच्या लढतीत आमच्या पोराने खालून पट काढला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि मराठीत ओरडले. मी कोपऱ्यात रक्त पुसायची बादली घेऊन बसले होते, उठता येत नव्हतं. संध्याकाळी गाडीत त्यांनी विचारलं की आज किती तास लागले. म्हटलं साडेसहा. त्यांनी गुणाकार केला, १५.४९ ने, तोंडी, आणि मग म्हणाले, टाइमशीट भरलीस का? मी तिथंच फोन काढून भरली.